भावपूर्ण श्रद्धांजली, छाया सिस्टर

मी गेल्याची बातमी मला मुलाणी सिस्टरनं दिली, तीही हातात चहाचा कप देऊन.

दुपारची वेळ होती. सकाळची ड्युटी संपवून, पीपीई किट उतरवून, डोक्यावरून अंघोळ करून मी केस पुसत आमच्या खोलीत आले, तर ही कॉटवर बसून एकदा मोबाइलकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती. मुलाणी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण बोलणं असं की माझी सासू शोभावी.

"छायाताई, आधी बसा," ती म्हणाली. "वाईट बातमी आहे."

दुसऱ्या लाटेच्या त्या दिवसांत वाईट बातमी एकाच प्रकारची असायची. मी विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्ही."

तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. 'आपलं गाव, आपली माणसं' या फेसबुकच्या पानावर मी होते. वर दोन मेणबत्त्या, खाली कमळ, मध्ये माझा फोटो. तो महिला दिनाच्या सत्कारातला. कॅमेरावाल्यानं रांग मोडून मध्ये घुसावं आणि मी त्याला आता बोलणार, असा चेहरा. माझ्या फोटोच्या दुप्पट मोठे फोटो चार भावी नगरसेवकांचे, चौघंही हात जोडून. 'कोरोनाशी लढता लढता रणरागिणी छाया सिस्टर खरमाटे यांना वीरमरण.' आणि पुरावा म्हणून खाली आणखी एक फोटो. पांढऱ्या किटमध्ये स्ट्रेचरवर उताणी पडलेली बाई, हात पोटावर, छातीवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'छाया सिस्टर'.

तो फोटो खरा होता. म्हणजे पडले होते ती मीच, फक्त मेले नव्हते.

झालं होतं ते असं. किट घातलं की आम्ही सगळे एकसारखे दिसायचो. कोण डॉक्टर, कोण सिस्टर, कोण झाडूवाली, पेशंटला काही कळायचं नाही. म्हणून छातीवर आणि पाठीवर नाव लिहायची पद्धत पडली होती. आमचं कोविड सेंटर म्हणजे गावाबाहेरचं मुलींचं वसतिगृह. तिथं किट उतरवायची खोली एकच, आणि डॉक्टर नेर्लेकर एकदा आत शिरले की लवकर बाहेर यायचे नाहीत. ते आत गाणी म्हणायचे. चोवीस तासांत मोकळं व्हायची तेवढीच जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच दिवशी माझी ड्युटी संपली तेव्हा त्यांचं दुसरं कडवं चालू होतं, म्हणून मी मागच्या अंगणात स्ट्रेचर रिकामं दिसलं त्यावर जरा टेकले. लागली झोप. कुंपणापलीकडून कुणीतरी फोटो काढला आणि मला मारून टाकलं. डॉक्टरांचं गाणं संपल्यावर त्यांनी हलवून उठवलं, पण तोवर फेसबुकावर मी गेलेली होते.

खरी बातमी मी मेले ही नव्हती. मला झोप लागली, ही होती. कारण गेले कितीतरी दिवस माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

त्याचं कारणही फोटोच. आमच्याकडं हुबाले बापू म्हणून एक म्हातारे पेशंट होते. पंचक्रोशीतल्या कुस्त्यांच्या मैदानात माईकवर बोलणारा माणूस, सगळा तालुका आवाजानं ओळखायचा. त्यांचा मुलगा संग्राम, फ्लेक्स छापायचं दुकान असलेला, रोज कुंपणाबाहेर उभा असायचा. आत कुणालाच सोडायचा नियम नव्हता. एके दिवशी कुंपण ओलांडून त्यानं खिडकीतून मोबाइल लांबवून फोटो काढला. बापू पालथे पडलेत, आणि मी त्यांच्या पाठीवर हात उगारलाय. माझ्या पाठीवरचं नाव अगदी स्वच्छ वाचता येत होतं. खाली त्यानं लिहिलं होतं, 'माझ्या बापाला पालथं पाडून मारत्यात. नाव नीट वाचून घ्या.'

लोकांनी नीट वाचलं. पुढं दोन-तीन दिवसांत बापू गेले, आणि मग तर काही विचारू नका. मला कसाईण म्हणाले, यमाची बहीण म्हणाले. माझं नाव छाया आहे, त्यावरून कविता झाल्या. ज्या बाईला मी बाळंतपणात धीर दिला होता तिनंही लिहिलं, 'हिचा हात पहिल्यापासून जडच आहे.' पालथं झोपवलं की पेशंटचा श्वास सुधारतो, असा खुलासा डॉक्टरांनी लिहिला. त्याला तिघांनी हसण्याचं चिन्ह दिलं. आणि मी, शहाणी, ते सगळं वाचत बसायची. एक शिवी वाचली की पुढची काय असेल याची उत्सुकता. जखमेची खपली काढायला हात जसा आपोआप जातो, तसा बोटं मोबाइलकडं जायची. डोळे मिटले की त्या ओळी सरकत राहायच्या. वॉर्डात पेशंटच्या पाठीला हात लावताना मी आधी खिडकीकडं बघायला लागले होते. एकदा एका आजीला पालथं करायचं सोडून मी तशीच उभी राहिले, मुलाणी ओरडली तेव्हा भानावर आले. त्या दिवशी मी ठरवलं की आता बास.

नेर्लेकरांना सांगून टाकलं होतं की हा आठवडा भरला की मी घरी. नोकरी गेली तरी चालेल. त्यांनी खूप समजावलं. पालथं करायचं काम जाणणाऱ्या सिस्टर दोनच, तुम्ही गेलात तर मुलाणी एकटी पडेल, वगैरे. मी ऐकलं नाही. त्या दुपारी माझी शेवटची ड्युटी उरली होती, दुसऱ्या दिवशीची. आणि नेमकं त्याच दुपारी मला वीरमरण आलं.

चहा पीत मी ती श्रद्धांजली वाचायला बसले. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. 'आईसमान छाया सिस्टर.' 'त्यांचा हात लागला की अर्धा आजार पळायचा.' हा दुसरा तोच, ज्यानं मागच्या आठवड्यात मला निलंबित करा म्हणून मागणी केली होती. जड हाताची तक्रार करणाऱ्या बाईनं माझ्या मऊ हातावर आठ ओळी लिहिल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या जगताप वहिनींनी मला सार्वजनिक नळावर यायला बंदी केली होती. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्याशिवाय नळ सुना सुना.'

"मेल्या म्हशीला मणभर दूध," मुलाणी म्हणाली. "पुरे आता. डॉक्टरांना सांगून खुलासा टाकायला लावते."

मी म्हटलं, जरा थांब, अजून साळुंखे सरांचं आलेलं नाही. साळुंखे सर आमच्या शेजारचे, त्यांच्या आईचं सगळं मी केलेलं. मी यादी घेऊन बसल्यासारखी कुणी लिहिलं आणि कुणी नाही ते बघत होते. सरांनी नुसते दोन हात जोडले होते. शब्द एक नाही. मला इतका राग आला की त्यांना फोन लावून विचारावं, एवढंच का. मुलाणीनं मोबाइल हिसकावून घेतला.

तेवढ्यात माझाच फोन वाजला. आमचे हे. यांची पिठाची गिरणी आहे आणि स्वभाव असा की दळायला आलेल्या माणसाला 'लाईट नाही' सांगतानासुद्धा यांना वाईट वाटतं. आवाज एकदम हळू. म्हणाले, तू ठीक आहेस ना. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, अंगणातून उठून किट उतरवल्यावर तू फोन केला होतास, डॉक्टरांच्या गाण्यावरून बोलत होतीस. पण गल्लीत लोक जमलेत, लांब लांब उभे राहून रडतायत.

"मग सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"सांगणारच होतो. पण तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलायला लागले, मध्येच कसं तोडायचं?"

यांनी म्हणे सगळ्यांना दारातूनच चहा दिला होता. जगताप वहिनी म्हणाल्या, दिवसकार्याचं काय ते आम्ही बघतो, तर हे 'बरं' म्हणाले. मी म्हटलं, आता दहाव्याला मी स्वतःच वाढायला येते, तोवर काही बोलू नका. तर यांनी त्यालाही 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला.

मग डॉक्टर नेर्लेकर आले, आणि त्यांनी उभ्या उभ्या खुलासा टाकला. छाया सिस्टर सुखरूप आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नये. पुढं हसरा चेहरा, फूल आणि का कोण जाणे, एक हत्ती. डॉक्टरांना चिन्हांची हौस फार. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. कुणी लिहिलं, 'मृत व्यक्तीबद्दल अफवा पसरवणाऱ्याचा निषेध.' कुणी लिहिलं, 'हत्ती टाकतो, लाज वाटते का.' पान चालवणाऱ्याला डॉक्टरांनी फोन केला, तर तो नम्रपणे म्हणाला की पोस्टला आतापर्यंतचा सर्वांत जास्त प्रतिसाद आहे, कुटुंबीयांचं अधिकृत पत्र आल्याशिवाय काढता येणार नाही. ती त्यानं कधीच काढली नाही. पुढच्या वर्षी त्याच पानावर माझं प्रथम पुण्यस्मरणही झालं, तेव्हा साळुंखे सरांनी निदान चार शब्द लिहिले.

मुलाणी म्हणाली, तुम्ही स्वतः व्हिडिओ काढून बोला. तोही काढला. त्याखाली पहिली शंका आली, 'हा जुना असेल.' दुसऱ्यानं लिहिलं, 'जिवंत असतील तर फसवणूक आहे. मी स्टेटस ठेवलं, माझी आई जेवली नाही.' बघता बघता आईसमान छाया सिस्टर पुन्हा यमाची बहीण व्हायला लागली. मी मोबाइल उशीखाली ढकलला आणि हसत सुटले. हसता हसता रडू आलं. मुलाणी माझे केस पुसत बसली.

तेवढ्यात फाटकावरचा शिपाई दाराशी आला. आला तो संग्राम हुबाल्याचं नाव घेऊन. फाटकाशी उभा आहे म्हणाला, हटत नाही, छाया सिस्टर खरंच गेल्या का एवढंच विचारतोय.

नेर्लेकर म्हणाले, तुम्ही अजिबात जायचं नाही, तो खात्री करून घ्यायला आला असेल. मुलाणी म्हणाली, मी जाते आणि गेल्या म्हणून सांगते, विषयच संपला. मला स्वतःला भीती वाटत होती. पण उद्या घरी जायचंच आहे तर ज्याच्यामुळं जातेय त्याचं तोंड तरी बघून जावं, असं मनात आलं. मी तशीच निघाले. अंगात पांढरा गाऊन, केस मोकळे आणि ओले, तोंडाला मास्क.

फाटकाशी पाठमोरा उभा होता. मी म्हटलं, "काय रं, संग्राम?"

त्यानं वळून बघितलं आणि मागच्या मागं उडी मारली ती थेट शिपायाच्या खुर्चीवर. खुर्चीचा एक पाय आधीच दोरीनं बांधलेला. खुर्ची, संग्राम आणि शिपायाचा डबा सगळे एकदम खाली आले.

"सिस्टर," तो जमिनीवरूनच म्हणाला, "तुमी हायसा?"

"हाय. दिसत न्हाय व्हय?"

"दिसताय म्हणून तर इचारतोय."

फाटकाच्या गजांतून मी हात बाहेर काढून दाखवला. त्यानं तो लांबूनच बघितला. मग उठून बसला, कपडे झटकले आणि खाली मान घालून बोलायला लागला. माझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची ऑर्डर त्याच्याच दुकानात आली होती. चौकात लावायचा, दहा बाय आठचा. त्यानं फोटो लावला, नाव लिहिलं, मेणबत्त्या ठेवल्या, आणि छापायचं बटण काही दाबता येईना.

"का?" मी विचारलं. "तुला तर आनंद व्हायला पायजे."

त्यानं शिपायाचा डबा उचलून सरळ ठेवला. मग म्हणाला, "आमच्या बापूच्या शेवटाला तुमीच हुता न्हवं? तुमी गेला म्हटल्यावर माझ्या डोस्क्यात आलं, आता बापू शेवटाला काय म्हणाला ते सांगणारं कुणीच ऱ्हायलं न्हाय. मी तुमास्नी शिव्या दिल्या. सगळ्या गावाकडनं देवविल्या. आन हे एवढं इचारायचंच ऱ्हाऊन गेलं."

माझा सगळा राग घशापर्यंत आला होता, तो तिथंच थांबला. मी फाटकाच्या आतल्या दगडावर बसले. तो बाहेर बसला.

मी त्याला सांगितलं. तुझा बाप आमच्याकडं आला तो माईक घेऊनच आला. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क म्हणजेच त्याचा माईक. नेर्लेकर वॉर्डात आले की लगेच, 'मैदानात उतरलेले आहेत डॉक्टर नेर्लेकर, उंची बेताची पण अंग काटक.' मुलाणी सुई टोचायला गेली की, 'मुलाणींच्या पोरीनं हात धरलेला आहे, समोरच्या गड्याला सुटका नाही.' त्याच्या बोलण्यानं सगळा वॉर्ड हसायचा, आणि हसून खोकायचा, आणि मी त्याला रागवायची की बापू, दम पुरवून वापरा. फक्त पालथं झोपायला तयार नव्हता. छातीला आराम मिळतो, श्वास सुधारतो, सगळं सांगून झालं. म्हणायचा, आयुष्यभर मी गडी पडलेले सांगितलेत, मी स्वतः पडणार न्हाय.

"मग?" संग्राम म्हणाला.

"मग एके दिवशी त्यानं स्वतःच शोधून काढलं. मला म्हणाला, सिस्टर, कुस्तीत गडी हरतो कधी? पाठ मातीला लागली की. पालथा पडलेल्या गड्याची पाठ लागंल कशी? आणि झाला पालथा. त्या दिवसापासून सगळ्या वॉर्डाला पालथं करायचं काम त्यानं घेतलं. ऐकत नसंल त्या पेशंटला म्हणायचा, पाठ लागतीया बघ, फिर की गड्या."

संग्राम हसला, आणि लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला.

"आणि तुझा तो फोटो," मी म्हटलं. "त्या दिवशी तो पहिल्यांदा पूर्ण दोन तास पालथा राहिला होता. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा चढला. मला म्हणाला, मैदान मारलंय, शाबासकी द्या. नुसतं तोंडानं न्हाय, पाठीवर द्या, वस्ताद देतो तशी. मी शाबासकी देत होते, संग्राम. तू फोटो काढलास तेव्हा."

तो डोकं गुडघ्यात घालून बसून राहिला. शिपायानं सांडलेली भाजी पुसायचं थांबवलं.

"आन शेवटाला?" त्यानं विचारलं.

"शेवटाला पालथाच होता. मी शेजारी बसले होते, हात पाठीवर होता. दम लागत होता म्हणून मी म्हटलं, बापू, बोलू नका. तर मास्क जरा वर करून हळूच म्हणाला, 'कुस्ती बराच वेळ चाललेली आहे. पंचांनी ती बरोबरीत सोडवलेली आहे.' आणि मग मला म्हणाला, 'पोराला सांगा, पाठ लागली न्हाय.'"

संग्रामनं मान वर केली. "न्हाय लागली?"

"न्हाय लागली. मी हुते तिथं."

त्यानं बाहीनं डोळे पुसले, मास्क ओला झाला होता तो ओढून सारखा केला. मग खिशातून मोबाइल काढला. म्हणाला, आत्ताच्या आत्ता सगळं लिहितो, माफी मागतो, जेवढ्यांनी शिव्या दिल्या त्यांना कळू दे. मी म्हटलं, हे नको टाकूस रे. यावर उद्या लोक हसण्याची चिन्हं देतील, वाद घालतील, बापू खरंच असं म्हणाला कशावरून, म्हणून विचारतील. हे तुझ्यापाशी ठेव. तो मोबाइलकडं बघत राहिला आणि मग तो परत खिशात घातला.

उठला, जायला निघाला, पुन्हा परत आला. फाटकाचा गज धरून उभा राहिला. खरं विचारायला आला होता ते अजून विचारायचंच होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं.

"सिस्टर, आईला कालपासनं ताप हाय. रिपोर्ट आला दुपारी. उद्या सकाळी हितं आणायचं म्हणत्यात." त्याचा आवाज चिरका झाला. "उद्या तुमी हायसा न्हवं?"

मागं वळून बघितलं तर मुलाणी आणि नेर्लेकर दोघंही दारात उभे होते, माझ्या तोंडाकडं बघत.

"हाय," मी म्हटलं. "परवाबी हाय. आईला म्हणावं, रातीपासनंच पालथं पडायची सवय कर."